हलगी काखेत घेतल्यावर

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात लग्नाची वरात चालली होती. मे महिन्यातली रात्र होती आणि शेतात कुठंतरी पेटवलेल्या पाचटाचा धूर गावापर्यंत आला होता. पुढं हलगी आणि घुमकं, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली डॉल्बी. वरात मारुतीच्या देवळापाशी आली, डॉल्बीवाल्यानं बटण दाबलं आणि ‘झिंगाट’ सुरू झालं. पोरं धावली. हलगीवाल्यांनी हलग्या काखेत घेतल्या आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाला मी विचारलं, “मामा, थांबलात का?”

“त्याच्यापुढं आमचं काय ऐकू येतंय?” ते म्हणाले. “आन् त्यात बी आमचीच हाय की. ऐका.”

मी ऐकलं. तोवर हे गाणं शेकडो वेळा कानांवरून गेलं होतं, पण त्या पायरीवर बसून ते पहिल्यांदा नीट ऐकलं. मामांचं खरं होतं. यंत्रातून येणाऱ्या त्या दणक्याच्या पोटात हलगीचीच चाल आहे. जाड टिपरूचा भरीव घाव, त्यावर बारीक काडीची कडकड, आणि दोन घावांच्या मधली ती एवढीशी उसंत, जिच्यात नाचणाऱ्याचा पाय वर उचलला जातो. वरून बेंजोपार्टीतल्या की-बोर्डसारखी कर्कश, गोल फिरणारी धून. वरातीत वाढलेल्या माणसाला यातलं काहीच नवं नाही. नवा आहे तो आकार. गल्लीत मावणारा ठेका त्यात आभाळाएवढा झाला आहे. आणि ज्यांच्या हातांतून तो पिढ्यान्पिढ्या आला, ती माणसं पायरीवर बसून तो ऐकत होती.

‘झिंगाट’ ज्या सिनेमातलं, त्या ‘सैराट’ची गाणी तेव्हापासून मी वेगळ्या कानानं ऐकतो. त्यांच्यासोबत आणखी एक संगीत ऐकू लागलो, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं सदर्न रॉक. ही दोन्ही संगीतं एकमेकांना ओळखत नाहीत. पण छोट्या गावाचा अभिमान आणि छोट्या गावाची दहशत एकाच ठेक्यात कशी नांदते, हे मला या दोघांकडून जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या कुठल्या संगीतातून कळलं नाही.

‘सैराट’ करमाळ्याचा. करमाळा सोलापूर जिल्ह्यात असला तरी इंदापूरकराला परका नाही. मध्ये आहे ते उजनीचं पाणी. १९८० साली धरण पुरं झालं, भीमा फुगली आणि दोन्ही काठांवरची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं आणि माणसं ते बघायला जातात. कळाशीच्या काठावर उभं राहिलं की पलीकडं कुगाव. भिगवणला रेल्वेत बसलं की थोड्या वेळात जेऊर, म्हणजे ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं गाव. सिनेमाची नायिका आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, आणि अकलूज म्हणजे तुकोबांची पालखी इंदापूरहून पुढं सराटीला नीरा ओलांडते त्याच्या पलीकडचं. संगीतकार अजय-अतुल तर याच पुणे जिल्ह्याच्या शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर भागात वाढले. या सिनेमाचा आवाज चारी बाजूंनी आमच्या शिवेला लागलेला आहे. म्हणून २९ एप्रिल २०१६ला तो लागला, तेव्हा बारामती-इंदापूरच्या प्रेक्षकाला पडद्यावर दुसऱ्याचं गाव दिसलंच नाही. ऊस आपला, केळीची बाग आपली, विहिरीची पायरी आपली, आणि गावातल्या क्रिकेटच्या सामन्याचं ते लाऊडस्पीकरवरचं समालोचनसुद्धा आपलंच.

आता गाण्यांकडं येतो. एकूण चार. त्यांची नुसती नावं उच्चारून पाहावीत. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’, ‘झिंगाट’. पुस्तकातलं ‘वेड’ आमच्याकडं ‘येड’ होतं आणि आणखी तोंडात घोळलं की ‘याड’. ‘वेड लागलं’ म्हणणारा माणूस स्वतःकडं जरा लांबून बघत असतो. ‘याड लागलं’ म्हणणाऱ्याला तेवढं अंतरच उरलेलं नसतं. ‘जी’ हा तर पोवाड्यात आणि तमाशात झीलकऱ्यांच्या तोंडी असलेला शब्द. शाहीर ओळ टाकतो आणि मागचे ‘जी’ म्हणून ती उचलून धरतात. प्रेमात पडलेली दोन माणसं आपलं सैराट होणं सांगतात आणि शेवटी ‘जी’ म्हणतात, तेव्हा ते प्रेम दोघांत राहत नाही, फडावर येतं. हे मला फार आवडतं, आणि त्यातच पुढचा धोकाही आहे. या मुलखात प्रेमाची खबर चारचौघांत गेली की पुढं काय होतं, हे ‘जी’ म्हणणाऱ्या गावालाही माहीत असतं.

या बोलीला अजय-अतुल यांनी साथ दिली ती पूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंदाची. लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, जिथं हॉलिवूडच्या सिनेमांचं संगीत मुद्रित होतं, तिथं हे काम झालं. पुष्कळांनी हा भपका म्हणून सांगितला, पुष्कळांनी अभिमानाची बाब म्हणून. मला त्यात न्याय दिसतो. आपल्या सिनेमात व्हायोलिनांचा तांडा कुणाच्या प्रेमामागं वाजत आला? बंगल्यातल्या, परदेशी बागेतल्या, कोट घातलेल्या माणसांच्या. मासे धरणाऱ्या घरातला नायक परश्या विहिरीत उडी मारतो आणि त्याच्यासाठी शंभर तारा एकदम दाटून येतात, असं यापूर्वी कधी झालं होतं? ‘याड लागलं’मध्ये अजयचा आवाज वरच्या पट्टीत जाऊन किंचित फाटतो. तो फाटलेपणा झाकायला तारा येत नाहीत. त्या त्याच्याखाली हात धरतात. मुलाला हे प्रेम पेलवणार नाही हे आवाजाला ठाऊक आहे, आणि तरी पेलवेल असं तारा सांगतात. गाण्याचा सगळा रस या दोघांच्या ओढाताणीत आहे.

सगळीकडं हे साधलेलं नाही. ‘सैराट झालं जी’मध्ये चिन्मयी आणि अजय यांचे आवाज सुंदर जुळतात, पण मधल्या जागेत वाद्यवृंद इतका गोड होतो की बोलीतली माती धुऊन निघते. तिथं एखादं संबळ किंवा तुणतुणं एकटं वाजलं असतं तर ‘जी’ला जास्त शोभलं असतं, असं मला दर वेळी वाटतं. ‘आताच बया’मध्ये मात्र श्रेया घोषालनं कमाल केली आहे. मुरकी घेताना तिनं आर्चीला नाजूक होऊ दिलेलं नाही. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर घेऊन परश्याच्या दारात येणारी ही पोरगी. तिचं लाजणंसुद्धा हुकूम दिल्यासारखं आहे, आणि ती ऐट गाण्यात उतरली आहे.

सदर्न रॉककडं मी ज्या दारानं शिरलो ते दारही नदीकाठचंच. अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर मसल शोल्स नावाचं लहानसं गाव आहे. नदीच्या ज्या खडकाळ, उथळ, खळाळत्या पात्रावरून त्याला हे नाव पडलं, ते पात्र १९२४ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणात बुडालं. नाव वर राहिलं आणि ज्याचं नाव ते पाण्याखाली. पळसदेवच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. याच अलाबामात १९६३ साली गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. आणि याच मसल शोल्समधल्या फेम स्टुडिओत त्यानंतर चार वर्षांनी अरेथा फ्रँकलिन गायली, तेव्हा तिच्यामागं वाजवणाऱ्यांत आसपासच्या गावांतली गोरी पोरं होती. दाराबाहेर ज्यांना एका टेबलावर बसून जेवणं अवघड होतं ते आत एका ठेक्यावर होते.

त्या स्टुडिओत १९६८च्या सुमाराला लांब केसांचा डुएन ऑलमन गिटार वाजवायला आला. पुढच्या वर्षी त्यानं भावाला आणि मित्रांना घेऊन ऑलमन ब्रदर्स बँड काढला आणि जॉर्जियातल्या मेकन या गावात बस्तान ठोकलं. सदर्न रॉक म्हणतात त्याची मांडणी इथं सापडते: दोन गिटारी बरोबरीनं, दोन ड्रमवाले बरोबरीनं. दोघांपैकी एक ड्रमवाला, जेमो, काळा होता. त्या काळी जॉर्जियाच्या रस्त्यावरून अशा मिश्र मंडळीनं एका गाडीतून हिंडणं साधं नव्हतं. १९७१च्या त्यांच्या ‘ॲट फिल्मोर ईस्ट’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेची सुरुवात ‘स्टेट्सबरो ब्लूज’नं होते, आणि ते गाणं जॉर्जियाच्याच ब्लाइंड विली मॅक्टेल या अंध काळ्या गायकाचं. डुएन बोटात सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली घालून ती तारेवर घसरवतो. त्या घसरण्यातून जो आवाज निघतो त्याला स्वराच्या नेमक्या जागेवर थांबायचंच नसतं, हुंदका जसा थांबत नाही तसा. दोन ड्रम मिळून जे करतात ते हलगी आणि घुमकं करतं: एक बोलतो, दुसरा जमीन देतो. डुएन पुढं त्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला, चोविसाव्या वर्षी, मेकनच्याच रस्त्यावर.

लिनर्ड स्किनर्ड ही दुसरी मंडळी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची. शाळेत लांब केसांवरून छळणाऱ्या व्यायामशिक्षकाचं नाव वाकडंतिकडं करून यांनी आपल्या बँडला दिलं. आमच्याकडची पोरं मास्तरांना ठेवतात तशातलाच हा प्रकार. यांचं ‘स्वीट होम अलाबामा’ १९७४चं. दक्षिणेतल्या वंशद्वेषावर नील यंगनं आधी दोन गाणी केली होती, त्यांना दिलेलं हे उत्तर. गंमत अशी की बँडमधलं कुणी अलाबामाचं नव्हतं. गाणं कानाला इतकं सुखाचं आहे की पहिल्या चार स्वरांत माणूस मान डोलावू लागतो. आपला मुलूख, आपलं आभाळ, घरी परतणं. आणि मग गव्हर्नरचा उल्लेख येतो, तो वॉलेसचा, आणि मागून गायकांचा नापसंतीचा हुर्यो ऐकू येतो. त्या कडव्याचा अर्थ लोक अजून लावत बसलेत. मला मात्र त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ध्रुपदात मागं गाणारे आवाज. मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग, दोघीही काळ्या. बँड रंगमंचावर मागं गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सैन्याचा झेंडा लावत असे. त्या मुलखाच्या गौरवगीतात त्या दोघींचे गळे आहेत आणि गाण्याची गोडी बरीचशी त्या गळ्यांची आहे. आवाज मागं गातो आणि झेंडा पुढं फडकतो. हे समजल्यापासून ते गाणं मला जास्त आवडतं आणि ऐकताना जास्त लागतं.

दुकानाच्या पायरीवर मामा जे म्हणाले ते हेच होतं.

‘झिंगाट’ सिनेमात कुठं वाजतं हे आठवावं. लोक ते वरातीत, गणपतीत, वाढदिवसाला लावतात आणि त्याची जागा विसरतात. ते वाजतं आर्चीच्या बापाच्या, पाटलाच्या अंगणात. आर्चीच्या भावाचा, प्रिन्सचा वाढदिवस आहे. याच प्रिन्सनं वर्गात दलित कवितेवर बोलणाऱ्या नव्या सरांच्या थोबाडीत मारलेली आपण पाहिली आहे. रोषणाई पाटलांची, जेवण पाटलांचं, आणि नाचणारी पोरं गावातली सगळी, परश्याही त्यांत, त्याचे मित्रही. आर्ची नाचते, परश्या नाचतो, आणि कॅमेरा दोघांना एकमेकांकडं बघताना पकडतो. ठेका अंगणभर सगळ्यांचा झालेला असतो. त्या चार मिनिटांत अंगण कुणाचं हे परश्या विसरतो. प्रेक्षकही विसरतो, आणि विसरायला लावणारा ठेका हे त्या गाण्याचं सामर्थ्य आहे. त्याच रात्री दोघं पकडले जातात.

जमीन कुणाची हे विसरायला लावणारं गाणं त्याच जमिनीवर वाजवायचं, ही मांडणी इतकी पक्की आहे की ती सुचलेल्या माणसाला मी मनोमन नमस्कार करतो. आमच्या तालुक्यांत हा भेद पाटाच्या पाण्यानं आखलेला आहे. नीरा डाव्या कालव्याच्या खाली ऊस, बंगले, साखर कारखान्याच्या निवडणुका. वरच्या अंगाला बाजरी, मेंढरं, टँकरची वाट. कालव्याच्या भरावावर उभं राहिलं तर दोन्ही रंग एका नजरेत दिसतात. त्या भरावावरून वरात जाते तेव्हा दोन्हीकडची पोरं एकाच गाण्यावर नाचतात. गाणं संपतं आणि जो तो आपापल्या बाजूला उतरतो.

मंजुळे यांच्या आधीच्या ‘फँड्री’त याची दुसरी बाजू आहे. तिथं जब्याला हलगीचा नाद आहे, जत्रेच्या मिरवणुकीत नाचायचं आहे, नवे कपडे घातले आहेत. पण त्याच्या वाट्याला येतो तो डोक्यावर धरायचा दिवा. इतरांनी नाचावं म्हणून यानं उजेड द्यायचा. ‘फँड्री’तला जब्या आणि ‘झिंगाट’मधला परश्या शेजारी उभे करून पाहिले की कळतं, परश्याला निदान चार मिनिटं नाचायला मिळालं.

आमच्याकडं आणखी एक सगळ्यांचा ठेका आहे, वारीचा. काटेवाडीत तुकोबांची पालखी येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. पुढं बेलवाडीत घोडा धावतो. टाळ-मृदंगाचा तो ठेका मी लहानपणापासून पायांत घेऊन हिंडतो, आणि त्या ठेक्यात कुणी कुणाला ‘तू कुठला’ विचारत नाही असं मला लहानपणी वाटायचं. आता ते पूर्ण खरं आहे असं म्हणवत नाही. पण तो ठेका ऐकला की तसं व्हावं असं अजून वाटतं, आणि ‘झिंगाट’ ऐकताना माझ्या छातीत जे होतं ते थोडंफार तेच आहे.

लिनर्ड स्किनर्डचं ‘फ्री बर्ड’ हे १९७३चं गाणं नऊ मिनिटांचं. पहिला भाग संथ. आपल्याला निघायचं आहे, बांधून राहता येणार नाही, असं सांगणारा. मग शब्द संपतात आणि गिटारी सुटतात. चार मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या गिटारी, एकावर एक चढत, जणू गावाच्या वेशीबाहेर पडलेली गाडी आता थांबणारच नाही. गावातून पळून जाण्याचं याहून नेमकं संगीत मला माहीत नाही. तिथं शब्द पुरत नाहीत तेव्हा संगीत पुढं नेतं.

‘सैराट’नं उलटं केलं. आर्ची आणि परश्या पळतात, हैदराबादला पोचतात, आणि गाणी थांबतात. चारही गाणी पूर्वार्धात खर्चून टाकली आहेत. उत्तरार्धात झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, बाटल्या भरण्याचा कारखाना, भांडण, समेट, बाळ. तिकीट काढून आलेला प्रेक्षक पाचव्या गाण्याची वाट बघतो, ते येत नाही, आणि हळूहळू त्याला भीती वाटू लागते. ज्या वाद्यवृंदानं परश्याच्या खाली हात धरला होता तो कुठं गेला? सिनेमा बोलत नाही. शेवटी माहेरची माणसं भेटी घेऊन येतात. शेजारीण बाळाला घेऊन परत येते, बाळ आत जातं, आणि रक्तात बुडालेली त्याची इवली पावलं जमिनीवर उमटत बाहेर येतात. आवाज पूर्ण बंद. बाळ रडत असतं आणि रडणं ऐकू येत नाही.

बारामतीच्या थिएटरातली ती शांतता मला आठवते. पूर्वार्धात जी पोरं पडद्यापुढं जाऊन नाचली होती तीच उठायला तयार नव्हती. या मौनाला मी ‘सैराट’च्या संगीताचा भाग मानतो. ते पाचवं गाणं आहे. आधीच्या चार गाण्यांनी कान इतके भरले नसते तर ते इतकं ऐकूच आलं नसतं. म्हणून मला कुणी नुसती गाणी मोबाइलवर ऐकताना दिसलं की त्यांनी अल्बम अर्धाच ऐकलाय असं वाटतं.

त्या वरातीत दहा वाजले. पोलिसांची गाडी नुसती चौकातून फिरून गेली आणि डॉल्बी बंद पडली. पोरं घामेजलेली, हिरमुसलेली. कुणीतरी ओरडलं, “मामा, या की!” मामा उठले. दुकानाशेजारी पडलेला उसाच्या पाचटाचा एक वाळका भारा त्यांनी पेटवला, हलगी त्यावर धरून फिरवली, अंगठ्यानं कातडं चाचपलं, पुन्हा धरली. नवरदेवाच्या घोड्यापुढची जागा रिकामी होती. मामा तिथं जाऊन उभे राहिले, पहिला घाव घातला, आणि तो समोरच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत दुसरा घाव न घालता थांबले.